मुलांसाठी बेडूक पाळावयाचा असल्यास

घरात लहान मुले असली म्हणजे एखादा प्राणी पाळण्याचा हट्ट कधी ना कधी उभा राहतोच. कुत्र्याला जागा लागते आणि वेळही लागतो. मांजर पाळले तरी ते कोणाचे होऊन राहत नाही. पिंजऱ्यातील देशी पोपट तर कायद्यानेच वर्ज्य ठरविला आहे. मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी मुलगा ओंजळीत काहीतरी झाकून घरात येतो, ओंजळ उघडतो, आणि आईच्या तोंडून किंकाळी निघते. ओंजळीत बेडूक असतो. “हा आपण पाळू या ना!” एवढेच मुलाचे म्हणणे असते. या मागणीला उत्तर काय द्यावे, याचा विचार करण्यासाठी हे भाषण आहे.

नागपूरच्या पश्चिमेकडील हिंगणा हे गाव या प्रश्नाला अगदी योग्य आहे. एका अंगाने वेणा नदी, दुसऱ्या अंगाने मोठी औद्योगिक वसाहत, भोवती काळ्या मातीची शेते आणि संत्र्यांचे बगीचे, जवळच झिलपीचा तलाव. असा हा मुलूख आहे. मे महिन्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो, जमीन भेगाळते, आणि बेडूक नावाचा प्राणी या प्रदेशात आहे की नाही अशी शंका यावी इतकी शांतता असते. पुढे जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि एका रात्रीत प्रत्येक खड्डा बोलू लागतो. जो प्राणी काल नव्हता तो आज शेकड्यांनी हजर झालेला पाहून मुलांना तो हवासा वाटला, तर त्यात नवल ते काय?

परंतु हवासा वाटणे आणि पाळण्याजोगा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाळावयाच्या प्राण्याची निवड करताना तीन प्रश्न विचारावे लागतात. हा प्राणी मुलांना सोसेल काय? मुले या प्राण्याला सोसतील काय? आणि घर या दोघांना मिळून सोसेल काय? हिंगण्याच्या परिसरात जे बेडूक सहज दृष्टीस पडतात, त्यांना एकेक करून या कसोटीला लावून पाहावे.

पहिला मान अर्थातच त्या मोठ्या हिरवट बेडकाचा, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ याने १८०२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पहिल्या पावसात याचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगवितात आणि डबक्यात एकच गोंधळ माजवितात. मुलांचे मन वेधण्यास याच्याइतका समर्थ दुसरा कोणी नाही. परंतु याची भूक राक्षसी असते. किडे, गांडुळे, लहान उंदीर आणि स्वतःचे भाऊबंद, जे तोंडात मावेल ते हा गिळतो. याची पिलेसुद्धा पाण्यात असताना दुसऱ्या बेडूकमाशांना खातात. अंदमान बेटांत हा बेडूक माणसाच्या हातून पोहोचला आणि तेथील मूळच्या जलचरांवर संकट कोसळले, हे अलीकडचेच उदाहरण आहे. काचेच्या पेटीत हा सतत उड्या मारून नाक रक्तबंबाळ करून घेतो. कसोटीला तो उतरत नाही.

दुसरा पाण्यावर तरंगणारा लहान बेडूक. डबक्याच्या काठी नुसते डोळे वर काढून हा पडून असतो, आणि चाहूल लागताच चपट्या दगडाप्रमाणे पाण्याच्या पृष्ठावरून टप्पे घेत निघून जातो. याचे सारे सौंदर्य या टप्प्यांत आहे. याला बादलीत ठेवले म्हणजे ते सौंदर्यही गेले आणि बेडूकही दुःखी झाला. तिसरा, नखाएवढा दिसणारा इवलासा बेडूक. हा पावसाळ्यात गवतात असंख्य असतो, याचा आवाज किड्यासारखा किरकिरा असतो. परंतु देह इतका नाजूक की पाच वर्षांच्या मुलाची प्रेमाची मूठ हेच त्याला मरण ठरते. चौथा बिळात राहणारा. मागच्या पायांच्या टाचांशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असल्यामुळे हा उलटा उलटा जमिनीत शिरतो आणि वर्षातील बहुतेक दिवस मातीखाली काढतो. ज्याचे दर्शनच दुर्मिळ, तो पाळून मुलांनी पाहावयाचे काय?

पाचवा झाडबेडूक. याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यांच्या बळावर हा गुळगुळीत भिंतीवरही चढतो. न्हाणीघरात, माठाच्या मागे, कुंडीतील पानाखाली हा आपण होऊन येऊन बसतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखे घरटे करून त्यात हा अंडी घालतो. पिले बाहेर पडली की खाली पाण्यात टपकतात. शेवटचा, आणि सर्वांत ओळखीचा, म्हणजे भेक. अंगावर फोड, चाल संथ, मुद्रा एखाद्या वयोवृद्ध कारकुनासारखी. १७९९ साली श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने याचे वर्णन केले. पण हिंगण्यातील ओसरीवरच्या दिव्याखाली तो त्याच्याही फार आधीपासून बसत आलेला आहे. पावसाळ्यात दिव्यावर पंखांच्या वाळव्या झेपावतात आणि खाली पडतात, तेव्हा भेक एका जागी बसून जीभ चालवीत असतो. तो पळत नाही, उड्या मारून अंगावर येत नाही, आणि रोज जवळपास त्याच वेळी त्याच जागी येतो. लहान मुलांच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे.

यावरून भेक आणि झाडबेडूक हे दोन उमेदवार शिल्लक राहिले असे वाटेल. पण येथे कायद्याचा विचार आडवा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली बेडकांच्या जातीही येतात; शेतातून वा तळ्यातून बेडूक धरून आणून पेटीत कोंडणे हे कायद्याला धरून नाही. या संरक्षणामागे एक इतिहास आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी युरोप-अमेरिकेत जात असत. पश्चिमेकडील भोजनगृहांची ती चैन होती. इकडे मात्र भातखाचरांतील किडे खाणारे सैन्यच कापले जात होते. अखेर १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक हा शेतकऱ्याचा बिनपगारी चाकर आहे, ही गोष्ट त्या निमित्ताने सरकारदरबारी मान्य झाली.

मग परदेशी बेडूक विकत घ्यावा काय? मोठ्या शहरांतील दुकानांत आफ्रिकेचे ठेंगणे पाणबेडूक, ऑस्ट्रेलियाचे हिरवे झाडबेडूक, दक्षिण अमेरिकेचे शिंगाळे बेडूक यांची वार्ता ऐकू येते. हे प्राणी दिसावयास देखणे असतात, यात शंका नाही. परंतु येथे चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, कायदा येथेही आहे: २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास त्याची नोंद करावी लागते. दोन, आयुष्य: ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक नीट सांभाळला तर पंधरा वर्षांहूनही अधिक जगतो, म्हणजे पहिलीतील मुलाचा हट्ट तो पदवीधर झाला तरी सांभाळावा लागेल, आणि तो बहुधा आईलाच सांभाळावा लागेल. तीन, अन्न: बेडूक हलणारे भक्ष्यच ओळखतो. भात, पोळी, दूध यांचा त्याला उपयोग नाही. रोज जिवंत किडे पैदा करणारे घर किती, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. चार, हवा: नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली म्हणजे माणसाचा जीव घाबरा होतो, काचेच्या पेटीतील थंड रक्ताच्या प्राण्याची गत काय होईल?

याहूनही गंभीर बाब आरोग्याची आहे. बेडकांच्या अंगावर आणि त्यांच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि बेडूक मात्र वरून धडधाकट दिसतो. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव आफ्रिकी ठेंगण्या बेडकांपासून अनेक राज्यांत शेकडो माणसे आजारी पडली, आणि त्यांत दहा वर्षांखालील मुलांचा भरणा मोठा होता. कित्येक मुलांनी बेडकाला हातही लावला नव्हता. पेटीचे पाणी ज्या मोरीत ओतले, तेथून जंतू पसरणे शक्य होते. म्हणूनच पाच वर्षांखालील मुलांनी बेडूक हाताळू नयेत असा तेथील आरोग्यखात्याचा स्पष्ट सल्ला आहे. ज्या घरी रांगते मूल आहे त्या घरी बेडकाची पेटी ठेवणे म्हणजे जाणूनबुजून विस्तवाशी खेळ होय.

आणि कंटाळा आला म्हणजे परदेशी बेडूक नदीत सोडून द्यावा, हा तर सर्वांत घातक विचार. १९३५ साली ऑस्ट्रेलियात उसावरील किडे मारण्यासाठी अमेरिकेतील एक मोठा भेक नेऊन सोडला. किडे राहिले बाजूला, तो भेकच देशभर पसरला आणि त्याच्या विषाने तेथील प्राणी मरू लागले. शिवाय बेडकांच्या व्यापाराबरोबर त्वचेला ग्रासणारी एक बुरशीही जगभर फिरली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या बुरशीमुळे ५०१ जातींची संख्या घटल्याचे आणि त्यांतील ९० जाती नष्ट झाल्याचे मानले आहे. बेडूक त्वचेतून पाणी पितो, काही अंशी श्वासही घेतो. त्वचा बिघडली की सारेच बिघडले. एका मुलाच्या हौसेसाठी वेणेच्या पात्रात असा पाहुणा सोडणे कोणत्याही सुशिक्षित कुटुंबास शोभणार नाही.

तर मग मुलाला काय सांगावे? “नाही” म्हणून विषय संपविणे सोपे आहे. पण त्याने मुलाचे कुतूहल मरते, आणि कुतूहल मेलेले मूल शिकविणे हे जगातील सर्वांत कठीण काम आहे. याला एक मधला मार्ग आहे. बेडकाला घरात आणू नये. घराशेजारी अशी जागा करून द्यावी की बेडकाने आपण होऊन यावे. निवड माणसाने करावयाची नाही, बेडकाने करावयाची. जो येईल तो मुलांचा बेडूक. तो कोंडलेला नसेल, त्याला किडे पुरवावे लागणार नाहीत, त्याच्या पेटीचे पाणी बदलावे लागणार नाही, आणि कायद्याचाही भंग होणार नाही.

याची सिद्धता अगदी साधी आहे. प्रत्येक वैदर्भीय घरात उन्हाळ्याच्या अखेरीस एखादा तरी माठ तडकलेला असतो. तो फेकू नये. अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात, सावलीत, तो आडवा करून निम्मा मातीत पुरावा. आत थोडा ओला पालापाचोळा घालावा. शेजारी मातीची उथळ परात ठेवावी. पाणी दोन बोटांहून खोल नसावे आणि मध्ये एक खडबडीत दगड असावा, म्हणजे लहान बेडकाला बाहेर पडता येते. ज्या घरी तान्हे वा चालू लागलेले मूल आहे तेथे हौद, टाके किंवा खोल टब मुळीच उघडा ठेवू नये. मूल बुडण्यास फार पाणी लागत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग परातीत ओतावे. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो; तेव्हा दर दोन दिवसांनी परात पूर्ण ओतून घासून पुन्हा भरली की डेंग्यूच्या डासाची भीती राहत नाही. अंगणात कीटकनाशक फवारू नये आणि फिनेलचे पाणी त्या बाजूस सोडू नये. बेडकाची कातडी सारे काही शोषून घेते.

येथे सुज्ञ गृहिणी एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. जेथे बेडूक तेथे साप, असे आपल्याकडे म्हणतात. दिवड, धामण, नाग हे सारे बेडूक खातात, हे खोटे नाही. म्हणूनच माठ दारापासून लांब असावा. भिंतीला लागून विटांचे, लाकडांचे ढीग रचू नयेत. गवत कापलेले असावे. अंधारात मुलांनी पायांत चपला आणि हातात बॅटरी घेतल्यावाचून आणि मोठे माणूस बरोबर असल्यावाचून तिकडे जाऊ नये, आणि माठात वा बिळात हात कधीही घालू नये. हे नियम ज्या घरी पाळले जाणार नाहीत त्या घरी माठ पुरण्याची घाई करू नये.

दुसरा नियम स्पर्शाचा. पाहावे, मोजावे, ऐकावे, चित्र काढावे. हात लावू नये. भेकाच्या डोळ्यांमागे ज्या दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून त्रास झाल्यास विषारी चीक सुटतो. तो डोळ्यांत गेला तर आग होते. भेकाच्या स्पर्शाने चामखीळ येते ही समजूत मात्र निराधार आहे. चामखीळ विषाणूंमुळे होते आणि ती माणसाकडून माणसाकडे जाते. भेक चुकून घरात शिरलाच तर मोठ्या माणसाने त्यावर भांडे पालथे घालावे, खालून पुठ्ठा सरकवावा आणि त्याला अंगणात नेऊन सोडावे. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

मुलांचे काम वयाप्रमाणे वाटून द्यावे. पाच वर्षांखालील मुलाने वडिलांच्या कडेवरून पाहावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने परातीत पाणी घालावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एक वही द्यावी: तारीख, पाऊस पडला की नाही, किती बेडूक दिसले, कोणता आवाज ऐकला. झाडबेडकाचा टकटक आवाज, भेकाची लांबलचक घरघर, लहान बेडकाची किरकिर हे वेगवेगळे ओळखण्यास मुलांना आठ दिवस पुरतात. पावसाने भरलेल्या खाचेत भेकाने दोऱ्यासारख्या लांब माळेत अंडी घातली आणि बुलफ्रॉगने पसरट थरात घातली, हा भेद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. शेपूट असलेल्या बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेवटी शेपूट जिरते. पुस्तकातील हे वाक्य डबक्याच्या काठी बसून वाचले म्हणजे ते जन्मभर विसरत नाही. मात्र अंडी असतील तेथेच राहू द्यावीत. बरणीत भरून आणू नयेत.

ज्यांचे बिऱ्हाड वसाहतीतील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. इमारतीच्या बागेच्या कोपऱ्यात सर्वांनी मिळून असा एक माठ पुरता येतो. तेही न साधल्यास पावसाळ्यातील एखाद्या रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन तलावाच्या काठी जावे, बॅटरी विझवून दहा मिनिटे गप्प उभे राहावे. मुलांना गप्प उभे करणे अवघड खरे. पण बेडकांचा मेळा हे काम शिक्षकापेक्षा चांगले करतो.

एक प्रश्न उरतो: बेडूक आलाच नाही तर? पहिल्या वर्षी असे घडू शकते. आला तरी दिवाळीनंतर तो दिसेनासा होईल, आणि मुले रडवेली होऊन विचारतील, “आपला बेडूक मेला का?” तेव्हा त्यांना सांगावे की थंडीत आणि उन्हाळ्यात तो दगडाखाली, मातीखाली निपचित पडून राहतो आणि पाऊस येईपर्यंत वाट पाहतो. आवडत्या वस्तूची वाट पाहता येणे हेही एक शिक्षणच आहे, आणि मागितलेली वस्तू तत्काळ हाती येण्याच्या या दिवसांत ते फार थोड्या मुलांना मिळते.

आपल्या परंपरेने बेडकाची दोन प्रकारे आठवण ठेवली आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त मंडूकांना वाहिलेले आहे; त्यात पावसाने जागे झालेल्या बेडकांच्या घोषाची तुलना मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. ज्याने ते रचले त्याने बेडकाला धरले नाही, ऐकले. उलट विदर्भातील खेड्यांत पाऊस लांबला म्हणजे धोंडी काढतात. मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून, घरोघरी पाणी ओतून घेत फिरतात. भावना दोन्हीकडे एकच, पावसाची आस. पण एका ठिकाणी बेडूक गातो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला बांधलेले असते. पाऊस मागावयाचा तर बेडकाला बांधण्याची गरज नाही, हे आजच्या मुलांना समजले तर ती पुढे आपल्या गावी ही प्रथा बेडकावाचून, नुसत्या कडुनिंबाच्या पाल्याने, चालवू शकतील.

तेव्हा मुलाने ओंजळ पुढे केली तर ओरडू नये. ती ओंजळ बेडकासकट अंगणात न्यावी, आणि ओल्या मातीशी टेकवून हळूच उघडावयास सांगावे. बेडूक क्षणभर थांबेल, गळा दोनदा हलवील आणि निघून जाईल. मुलाचे हात साबणाने धुवावेत, आणि मग तडकलेला माठ कोठे पुरावयाचा याची जागा त्यालाच निवडू द्यावी.